डब्लिनमध्ये राहता? कौन्सिलच्या निवडणुकीत तुम्हालाही मत आहे: नोंदणीपासून मतमोजणीपर्यंत

आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला पीपीएस नंबर (सरकारी कामांसाठीचा वैयक्तिक क्रमांक) कसा काढायचा, बँकेत खातं कसं उघडायचं, भाड्याचं घर कसं शोधायचं हे सांगणारे दहा जण भेटतात. इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या, निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. वय १८ पूर्ण हवं आणि राहतं घर इथे हवं, बस्स. स्टॅम्प म्हणजे इथे राहण्याच्या परवानगीचा प्रकार. स्टॅम्प १ वर नोकरी करणारे, स्टॅम्प २ वर शिकायला आलेले, स्टॅम्प ४ मिळालेले, जोडीदाराबरोबर आलेले, सगळ्यांना हा हक्क आहे. भारतीय पासपोर्ट तसाच राहतो, त्याच्यावर याचा काही परिणाम होत नाही.

तरीही आपली बरीच मंडळी मतदान करत नाहीत. एक तर नाव यादीत नसतं. असलं तरी मतपत्रिका हातात पडल्यावर पंधरा-वीस नावं, त्यांच्यापुढे रिकामे चौकोन, आणि नेमकं काय लिहायचं याची खात्री नसते. हा लेख या दोन्ही अडचणींसाठी आहे. उदाहरणं डब्लिनची घेतली आहेत, पण पद्धत कॉर्क, गॉलवे, लिमरिक, सगळीकडे हीच.

स्थानिक निवडणूक दर पाच वर्षांनी, मे किंवा जून महिन्यात होते. मागची ७ जून २०२४ रोजी झाली, पुढची २०२९ मध्ये आहे.

१. तुमचं कौन्सिल कोणतं, ते आधी बघा

पत्त्यात ‘डब्लिन’ आहे म्हणजे तुम्ही डब्लिन सिटी कौन्सिलचे मतदार असालच असं नाही. डब्लिनमध्ये चार कौन्सिलं आहेत. डब्लिन सिटीत ६३ कौन्सिलर, आणि फिंगल, साउथ डब्लिन आणि डन लेअरी-रॅथडाउन या तिघांत प्रत्येकी ४०. आपली माणसं ज्या भागांत जास्त आहेत, त्यातले बरेच भाग सिटीत येतच नाहीत. ऑन्गर आणि ब्लँचर्ड्सटाउन ‘डब्लिन १५’ असले तरी फिंगलमध्ये. लुकन आणि अ‍ॅडम्सटाउन साउथ डब्लिनमध्ये. सँडिफर्ड डन लेअरी-रॅथडाउनमध्ये.

कौन्सिलच्या आत पुन्हा वॉर्डासारखे भाग असतात, त्यांना लोकल इलेक्टोरल एरिया म्हणतात. सिटीत असे ११ आहेत आणि प्रत्येकातून पाच, सहा किंवा सात कौन्सिलर निवडून येतात. नॉर्थ इनर सिटी आणि कॅब्रा-ग्लासनेविन सात जागांचे. किमेज-रॅथमाइन्स, क्लॉनटार्फ, आर्टेन-व्हाइटहॉल, बॅलिमन-फिंगलस सहाचे. पेंब्रोक, डॉनमीड, बॅलिफर्मट-ड्रिमना, साउथ ईस्ट इनर सिटी आणि साउथ वेस्ट इनर सिटी पाचचे. तुमच्या भागात किती जागा आहेत ते लक्षात ठेवा. पुढे कोट्याचं, म्हणजे निवडून यायला किती मतं लागतात त्याचं, गणित त्याच्यावर आहे.

२. नाव नोंदवा, आणि ते आजच

२०२२ च्या कायद्यानंतर नोंदणी खूप सोपी झाली. आता वर्षभर कधीही, ऑनलाइन, पाच-सात मिनिटांत होते. ‘चेक द रजिस्टर डॉट आयई’ या सरकारी संकेतस्थळावर जायचं, आधी आपलं नाव आहे का ते तपासायचं आणि नसेल तर तिथेच अर्ज भरायचा. लागतं एवढंच:

- पीपीएस नंबर
- जन्मतारीख
- घराचा एअरकोड (इथला पिनकोड)
- नागरिकत्व कोणत्या देशाचं, ही माहिती

कागदी अर्जही चालतो, तो कौन्सिलच्या कार्यालयात मिळतो. पीपीएस नंबर अजून आलेला नसेल तर छापील अर्ज घेऊन ओळखीच्या कागदपत्रांसह गार्डा (पोलीस) स्टेशनवर जावं लागतं. त्यापेक्षा पीपीएस हातात आल्यावर, त्याच आठवड्यात ऑनलाइन करून टाका.

आपल्या लोकांची गाडी इथे चार ठिकाणी अडकते.

पहिली अडचण नावाची. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात अनेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. पीपीएसच्या नोंदीत ते जसं गेलं असेल, तसंच इथे भरा. एकीकडे तीन शब्द आणि दुसरीकडे दोन, असं झालं की पडताळणी अडते.

दुसरी, एअरकोड. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक फ्लॅटला स्वतःचा वेगळा एअरकोड असतो. इमारतीतल्या शेजाऱ्याचा टाकू नका.

तिसरी अडचण सगळ्यांत जास्त मतं खाते, ती म्हणजे घर बदलणं. इथे आल्यावर पहिल्या काही वर्षांत दोन-तीन वेळा घर बदलतंच. पत्ता बदलला की यादीतला पत्ता आपोआप बदलत नाही. बँक, गाडीचं लायसन्स आणि मतदारयादी, या तिन्ही ठिकाणी एकाच बैठकीत पत्ता बदलायची सवय लावा. नाहीतर ऐन वेळी कळतं की आपलं मत जुन्या घराच्या भागात पडलंय आणि पोलिंग कार्ड जुन्या घरमालकाच्या दारात.

चौथी, शेवटची तारीख. मतदानाच्या आधी साधारण अडीच आठवडे नोंदणी थांबते. २०२४ मध्ये ७ जूनच्या मतदानासाठी २० मे ही अखेरची तारीख होती. रस्त्यावर पोस्टर दिसायला लागल्यावर जाग येणाऱ्याच्या हातात जेमतेम दहा-बारा दिवस उरतात.

पुढे आयरिश नागरिकत्व घेतलंत तर यादीतली नागरिकत्वाची नोंद स्वतः बदलून घ्या. ती बदलेपर्यंत तुम्ही यादीत केवळ स्थानिक निवडणुकीचे मतदार राहता. संसदेची निवडणूक, राष्ट्राध्यक्षांची निवडणूक किंवा सार्वमत आलं तर हातात मतपत्रिका पडणार नाही. शपथविधीचा समारंभ झाला, फोटो काढले, पासपोर्टचा अर्ज गेला आणि मतदारयादी राहिली, असं फार घरांत होतं.

३. कौन्सिलच्या हातात काय आहे

उमेदवार दारावर आला की आपली माणसं व्हिसाचं विचारतात, आयआरपीच्या (राहण्याच्या परवान्याच्या कार्डाच्या) अपॉइंटमेंटचं विचारतात. कौन्सिलरच्या हातात त्यातलं काही नाही. इमिग्रेशन, दवाखाने, शाळा, पोलीस हे सगळं कौन्सिलच्या बाहेरचं.

कौन्सिलकडे असतात कौन्सिलची घरं, स्थानिक रस्ते आणि फूटपाथ, सायकल मार्ग, बागा, वाचनालयं, खेळाची मैदानं, आणि नवीन बांधकाम कुठे आणि किती होऊ द्यायचं याचा विकास आराखडा. डब्लिन सिटीचा सध्याचा आराखडा २०२२ ते २०२८ चा आहे. तुमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेचं पुढे काय होणार, ते त्यात ठरलेलं असतं. वार्षिक अंदाजपत्रक कौन्सिलर मंजूर करतात आणि लोकल प्रॉपर्टी टॅक्स मूळ दरापेक्षा ठरावीक मर्यादेत कमी-जास्त करण्याचा अधिकारही त्यांचा.

रोजचा कारभार मात्र चीफ एक्झिक्युटिव्ह चालवतात. ते नेमलेले अधिकारी असतात, निवडून आलेले नसतात. महापालिका आयुक्त आणि नगरसेवक यांच्यातली वाटणी ज्याला ठाऊक आहे, त्याला हे लगेच कळेल. डब्लिनचा लॉर्ड मेयर कौन्सिलर आपल्यातून दरवर्षी निवडतात. त्याला गाडी आहे, राहायला मॅन्शन हाउस आहे, मान मोठा आहे, अधिकार मोजकेच.

हे सगळं आधी कळलं की उमेदवाराला नेमका प्रश्न विचारता येतो आणि त्याचं उत्तर पोकळ आहे की नाही, तेही कळतं.

४. पसंतीक्रमाची पद्धत समजून घ्या

महाराष्ट्रात पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत दिलं असेल, तर अर्धं काम झालं आहे. नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार असंच मत देतात, म्हणून तर त्या दिवशी बातम्यांमध्ये ‘पहिल्या पसंतीची मतं’ आणि ‘मतांचा कोटा’ हे शब्द ऐकू येतात. इथे तीच पद्धत साध्या मतदाराच्या हातात आहे.

पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागाशी याची गल्लत करू नका. तिथे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत असतं, आणि एखाद्या पक्षाची लाट असली की चारही जागा त्याच पक्षाकडे जाऊ शकतात. इथे जागा पाच असोत की सात, तुमचं मत एकच. ते एक मत कुणाच्या कामी यावं, याचा क्रम तुम्ही लावून देता.

निवडून यायला लागणारा आकडा म्हणजे कोटा. तो असा काढतात: एकूण वैध मतांना, जागांच्या संख्येत एक मिळवून, त्याने भागायचं, आलेल्या पूर्णांकात एक मिळवायचा. समजा पाच जागा आहेत आणि १२,००० वैध मतं पडली. १२,००० भागिले ६ म्हणजे २,०००, अधिक १. कोटा २,००१. म्हणजे पाच जागांच्या भागात साधारण १७ टक्के आणि सात जागांच्या भागात साडेबारा टक्के मतदारांनी एकाला उचलून धरलं, की तो निवडून आलाच. म्हणूनच इथे छोटे पक्ष आणि अपक्ष टिकून राहतात. २०२४ मध्ये डब्लिन सिटी कौन्सिलमध्ये कुणा एका पक्षाला बहुमत मिळालं नाही.

आता पुढची मतं कशी फिरतात ते पाहू. लोकांचा गोंधळ इथेच उडतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आपल्या उदाहरणात ‘क’ या उमेदवाराला पहिल्याच फेरीत २,४०१ मतं पडली. कोटा २,००१, म्हणजे ४०० मतं जास्तीची. ती वाया घालवायची नाहीत. त्यासाठी ‘क’चे सगळे २,४०१ कागद पुन्हा उघडतात आणि प्रत्येकावर २ कुणाला दिलाय ते बघतात. समजा ४०१ कागदांवर दुसरी पसंतीच नाही. उरले २,०००. त्यातल्या १,००० जणांनी ‘ख’ला २ दिलाय, म्हणजे निम्म्यांनी. मग जास्तीच्या ४०० पैकी निम्मी, २०० मतं ‘ख’कडे जातात. बाकीची अशीच ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटली जातात. फक्त १ लिहून थांबलेल्या ४०१ जणांचे कागद ‘क’च्या गठ्ठ्यात पडून राहतात. ‘क’ तर निवडून आलेलाच आहे. पुढची जागा कुणाला, या प्रश्नात त्या ४०१ जणांना आता आवाज नाही.

जास्तीची मतं वाटून झाली, की सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो. त्याचा प्रत्येक कागद, त्यावरच्या पुढच्या पसंतीचा जो कुणी अजून शर्यतीत आहे त्याच्याकडे, पूर्ण एक मत म्हणून जातो. मग पुन्हा खालून एक बाद. जागा भरेपर्यंत हे चालतं. शेवटी जितक्या जागा उरल्या तितकेच उमेदवार उरले, तर ते कोटा न गाठताही निवडून आले असं जाहीर करतात. शेवटच्या जागेवर हे नेहमी घडतं आणि ती जागा कधीकधी मोजक्या मतांनी ठरते. तिथवर पोचलेली मतं बऱ्याचदा कुणाची तरी सहावी-सातवी पसंती असतात.

यावरून तीन गोष्टी मनात पक्क्या करा.

खालची पसंती लिहिल्याने वरच्या उमेदवाराचं काडीचंही नुकसान होत नाही. तुमचा १ नंबरचा उमेदवार निवडून येईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत, २ कुणाला दिलाय ते कुणी पाहतसुद्धा नाही. “दुसरं मत दिलं तर पहिल्याचं कमी होईल” ही समजूत आपल्यात फार पसरलेली आहे. ती चुकीची आहे.

मनातला उमेदवार पडणार हे दिसत असलं तरी १ त्यालाच द्या. तो बाद झाला तर मत पुढे जातं. ‘मत फुकट जाईल’ या भीतीने नावडत्या उमेदवाराला १ द्यायची गरज या पद्धतीत उरत नाही.

आणि मत असेल तिथपर्यंत आकडे लिहीत जा. पहिल्या तीन-चार नावांनंतर उत्साह संपतो हे खरं, पण न आवडणाऱ्या दोघांत एक जास्त नावडता असतोच. त्याला रिकामा ठेवा आणि दुसऱ्याला आकडा द्या.

ही पद्धत इथे शंभरहून जास्त वर्षं चालू आहे. १९१९ च्या जानेवारीत स्लायगो शहराच्या निवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली गेली आणि पुढच्याच वर्षी सगळ्या शहरांना लागू झाली. संसदेच्या निवडणुकीतून ती काढून टाकावी म्हणून १९५९ आणि १९६८ मध्ये सार्वमत घेतलं गेलं. दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. इथल्या माणसाला तिचा अभिमान आहे, त्यामुळे काही अडलं तर शेजाऱ्याला बिनधास्त विचारा. उत्साहाने समजावून सांगतो.

५. उमेदवार दारावर येतील, त्यांना बोलतं करा

मतदानाच्या आधीचे दोन-तीन महिने संध्याकाळी दाराची बेल वाजते. उमेदवार स्वतः येतो, हातात पत्रक असतं. आपण अनेकदा दार अर्धवट उघडून “आम्ही इथले नागरिक नाही” असं सांगून मोकळे होतो. सांगा की आम्ही यादीत आहोत. पुढचं बोलणंच बदलतं. यादीची प्रत त्याच्याकडे असते, मत आहे हे कळलं की तो थांबतो.

एक-दोनच प्रश्न विचारा, पण नेमके. आमच्या रस्त्यावरच्या क्रॉसिंगसाठी काय केलंत? प्रॉपर्टी टॅक्सवर मतदान झालं तेव्हा कोणत्या बाजूने होतात? आणि या पद्धतीत खास उपयोगी पडणारा प्रश्न: तुमच्यानंतर आम्ही २ कुणाला द्यावा? या उत्तरातून तो कुणाबरोबर काम करणार, हे कळतं. अनुभवी उमेदवारही तुम्हाला मोकळेपणाने म्हणेल, “१ दुसऱ्याला देत असाल तर मला २ द्या.” ही औपचारिकता नसते. त्याचं निवडून येणं या दुसऱ्या पसंतीवर अवलंबून असतं.

विजेच्या खांबांवर पोस्टर लावायला मतदानाआधी तीस दिवसांपासून परवानगी असते आणि मतदानानंतर सात दिवसांत ती काढावी लागतात. ती लागली की समजा, शेवटचा महिना सुरू झाला.

६. मतदानाचा दिवस

पोलिंग कार्ड टपालाने घरी येतं. त्यावर केंद्राचं नाव आणि यादीतला तुमचा क्रमांक असतो. बरोबर न्या, काम पटकन होतं, पण कार्ड आलं नाही किंवा हरवलं म्हणून मत अडत नाही. कार्ड म्हणजे ओळखपत्र नाही. ओळखपत्र वेगळं न्यायचं. यांपैकी एक चालेल:

- पासपोर्ट, भारतीय असला तरी चालतो
- वाहन चालवण्याचा परवाना
- फोटो असलेलं ऑफिसचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र
- पब्लिक सर्व्हिसेस कार्ड

ओळखपत्र प्रत्येकाला मागतातच असं नाही, पण मागितलं आणि नसलं तर परत पाठवतात. पासपोर्ट खिशात असू द्या.

२०२४ मध्ये केंद्रं सकाळी ७ ते रात्री १० उघडी होती. मतदानाची सुट्टी मिळेल असं गृहीत धरू नका, ऑफिसच्या आधी किंवा नंतर जायचं. केंद्र म्हणजे बहुधा जवळची शाळा. बोटाला शाई लावत नाहीत. मतदान यंत्रही नाही. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत यंत्रं वापरून पाहिली, नंतर पाच कोटी युरोंहून जास्त खर्च झाला, पण विश्वास बसला नाही म्हणून सगळी मोडीत काढली. त्यामुळे कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. स्वतःचं पेन वापरलं तरी चालतं.

टेबलावर नाव सांगा. यादीत बिगर-युरोपीय नागरिकांच्या नावापुढे ‘एल’ हे अक्षर असतं, म्हणजे फक्त स्थानिक निवडणुकीचे मतदार. २०२४ सारखी त्याच दिवशी युरोपीय संसदेची निवडणूक असेल, तर तुम्हाला एकच मतपत्रिका मिळेल आणि पुढच्याला दोन. काही चुकलेलं नसतं. कर्मचारी कागदावर अधिकृत शिक्का उमटवून देतो. तो उमटलाय ना, ते तिथेच बघून घ्या. शिक्का नसलेलं मत मोजणीत बाद होतं.

मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने असतात, बरोबर फोटो, व्यवसाय आणि पक्षाचं चिन्ह. कागद लांबलचक असतो. वरून खाली एकदा पूर्ण वाचा, मग लिहायला घ्या. वरच्या चार नावांवरच नजर अडकते आणि हवा असलेला उमेदवार तळाशी राहून जातो. आधीच घरी क्रम ठरवून छोट्या चिठ्ठीवर लिहून नेलात तर सगळ्यांत बरं.

लिहिताना या चुका टाळा:

- आकडे इंग्रजीच लिहा. या लेखात देवनागरी आहेत, मतपत्रिकेवर मोजणाऱ्याला ते वाचता येणार नाहीत.
- १ एकदाच. दोन नावांपुढे १ लिहिलं की मत बाद.
- आकडा गाळू नका. १, २, ४ असं झालं तर मत २ पर्यंतच धरतात.
- बरोबरची खूण किंवा फुली मारू नका. असा कागद धरायचा की नाही, ते निवडणूक अधिकाऱ्याच्या निर्णयावर जातं.
- दोन मतपत्रिका मिळाल्या असतील तर दोन्हींवर १ पासून सुरुवात करा. पहिल्या कागदावर ६ पर्यंत जाऊन दुसऱ्यावर ७ पासून पुढे लिहिणारे दर वेळी निघतात.
- नाव, सही, शेरा काही लिहू नका. मत कुणाचं ते ओळखता आलं की ते रद्द होतं.
- मतपत्रिकेचा फोटो नको. सेल्फी बाहेर, फाटकाशी काढा.

आकडा चुकला तर खाडाखोड करत बसू नका. कागद पेटीत टाकायच्या आधी टेबलावर परत द्या, नवा मिळतो.

दृष्टी अधू असेल किंवा लिहिता येत नसेल तर बरोबरच्या माणसाची किंवा केंद्रप्रमुखाची मदत घेता येते. टपाली मतदान मात्र आजारपण, अपंगत्व, कामाचं स्वरूप किंवा दूरच्या कॉलेजातलं शिक्षण अशा ठरावीक कारणांसाठीच मिळतं. सुट्टीला भारतात गेलो होतो, हे त्यात बसत नाही. २०२९ च्या मे-जूनची तिकिटं काढताना मतदानाची तारीख जाहीर झाली आहे का, ते बघून घ्या.

७. मतमोजणी एकदा तरी बघा

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. २०२४ मध्ये डब्लिन सिटीची आरडीएस या मोठ्या सभागृहात होती. पेट्या उघडून मतपत्रिका टेबलावर ओतल्या जातात आणि एकेक सरळ करून ठेवली जाते. कठड्याच्या या बाजूला सगळ्या पक्षांचे लोक ओणवे होऊन उभे असतात, पुठ्ठ्यावर कागद लावलेला. कर्मचारी मतपत्रिका उलगडतो त्या क्षणी १ कुठे आहे ते टिपायचं आणि त्या नावापुढे रेघ मारायची. चार उभ्या आणि पाचवी आडवी. यांना टॅलीवाले म्हणतात. एकमेकांविरुद्ध लढलेल्या पक्षांचे टॅलीवाले दुपारी आपापले आकडे एकत्र करतात, आणि अधिकृत पहिली फेरी जाहीर व्हायच्या कितीतरी आधी, कोणत्या केंद्रावर कुणाला किती ते सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं. आपल्या वस्तीच्या केंद्रावर किती लोक मतदानाला आले, हेही त्यातूनच बाहेर पडतं, आणि पुढच्या पाच वर्षांत तुमच्या गल्लीकडे कोण किती लक्ष देणार हे बरंचसं त्यावर ठरतं.

आत जायला पास लागतो. तो उमेदवारांकडून मिळतो, म्हणून कुणाला मदत केली असेल तर आधीच मागून ठेवा. फेऱ्या खूप होतात, रात्र होते, कधी दुसरा-तिसरा दिवसही उजाडतो.

मोजणी पाहताना एक बारकावा ध्यानात घ्या. जास्तीची मतं वाटताना प्रत्यक्ष कागदच या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात जातात. नेमके कोणते कागद जातील ते गठ्ठ्यात ते कसे पडले आहेत यावर ठरतं. नंतरच्या फेरीत कुणी कोटा ओलांडला, तर त्याचे सगळे कागद न पाहता, त्याला शेवटी मिळालेला गठ्ठाच पाहतात. म्हणून शेवटच्या जागेचं अंतर अगदी कमी असलं की फेरमोजणीसाठी एवढा आग्रह धरला जातो.

८. निवडणुकीनंतर, आणि स्वतः उभं राहायचं असेल तर

निवडणूक झाली की तुमच्या भागाचे पाच-सहा कौन्सिलर वेगवेगळ्या पक्षांचे असतात. काम असेल तर सगळ्यांना एकच ईमेल पाठवा. पुढच्या वेळी यांना एकमेकांच्या मतदारांच्या पसंती हव्या असतात, त्यामुळे कुणी ना कुणी उत्तर देतोच. पत्ता, एअरकोड आणि फोटो जोडा, ‘फूटपाथ खराब आहे’ एवढंच लिहू नका.

मत देण्याप्रमाणे उभं राहायलाही आयरिश नागरिकत्व लागत नाही. १८ वर्षं पूर्ण आणि इथलं वास्तव्य पुरतं. पक्षाकडून उभं राहायचं तर पक्षाचं प्रमाणपत्र, अपक्ष असाल तर त्या भागातल्या १५ मतदारांची संमती किंवा १०० युरो अनामत. २००७ मध्ये पोर्टलीशचे मेयर झालेले रोटिमी अडेबारी नायजेरियातून आश्रयासाठी आले होते. केरळातून आलेले बेबी पेरेप्पाडन २०२४ मध्ये साउथ डब्लिनचे मेयर झाले.

कौन्सिलरने मध्येच पद सोडलं तर पोटनिवडणूक होत नाही, त्याच्या पक्षाने सुचवलेल्या माणसाला कौन्सिल सदस्य करून घेतं. हे आपल्याकडच्या स्वीकृत नगरसेवकासारखं नाही, कारण या सदस्याला मतदानाचा पूर्ण हक्क असतो. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या वडिलांचा मुलगा लिओ वराडकर २००३ मध्ये फिंगल कौन्सिलवर याच वाटेने आला. २००४ मध्ये तो निवडणुकीला सामोरा गेला आणि निवडून आला, आणि २०१७ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. त्याचा जन्म इथलाच, नागरिकत्वही इथलंच, तेव्हा तुलना पूर्ण लागू पडत नाही. पण पक्षात काम करायचं असेल तर रिकाम्या जागेवरची ही नेमणूक माहीत असलेली बरी, कारण त्यासाठी माणूस आधीपासून पक्षाच्या स्थानिक शाखेत दिसावा लागतो. शाखेची बैठक सहसा महिन्यातून एकदा होते, आणि नवख्याला यायला कुणी मनाई करत नाही.